वाळूच्या गावात बिऱ्हाड

आपल्या आजोबांच्या पिढीने गाव सोडले ते पोटासाठी. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी रेल्वेत लागला, कोणी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये. परक्या शहरात गेले तरी त्यांना आधार होता, कारण चाळीत, वस्तीत, लाईनीत आपलीच माणसे अगोदर येऊन राहिलेली असत. पहिली रात्र काढायला कोणाचा तरी ओटा मिळे. आज शिकलेल्या मुला-मुलींना केंद्र सरकारच्या नोकऱ्या लागतात, खाजगी कंपन्या त्यांना देशभर पाठवितात आणि बदलीचे गाव असे निघते की तेथे आपल्या ओळखीचे एकही माणूस नसते. अशा वेळी काय करावे, काय बांधून न्यावे, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे सांगणारे कोणी भेटत नाही. म्हणून आमचा अनुभव येथे लिहीत आहोत. आम्ही अमरावतीचे. राजस्थानच्या वाळवंटातील बिकानेर शहरी आम्ही चार उन्हाळे काढले आहेत.

एकट्याने जावे की बिऱ्हाड घेऊन?

बदलीचा हुकूम आला तेव्हा घरात पहिला वाद झाला तो याच प्रश्नावर. थोरली मुलगी सहावीत, धाकटा दोन वर्षांचा. नातेवाइकांचे म्हणणे एकच होते, त्याने एकट्याने जावे, बाईने लेकरांना घेऊन येथेच राहावे. आजीने तर निर्वाणीचा प्रश्न केला, "तिकडं पाणीच नाही म्हणतेत, मग लेकरं जगतीन कशी माय?"

आम्ही दोघांनी वही घेऊन हिशेब मांडला. तिकडे एक खोली, खानावळ, इकडे घराचा खर्च आणि वर्षातून तीनदा येण्या-जाण्याचे भाडे. दोन चुली पेटल्या की पगार पुरत नाही, हे उघड दिसले. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बापाला मुले फक्त फोनवर दिसणार. आपल्या समाजात असे कितीतरी बाप आहेत की ज्यांनी नोकरी केली, पैसे पाठविले आणि निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मुले त्यांना पाहुण्यासारखी वागवू लागली. ते आम्हाला नको होते. आम्ही चौघांनीही जायचे ठरविले.

बडनेऱ्याहून गाडी धरून अहमदाबाद, तेथून दुसऱ्या गाडीने जोधपूर, नागौर आणि मग बिकानेर. सामानात शिलाई मशीन, तवा-परात, काळ्या मसाल्याचा डबा आणि बाबासाहेबांची तसबीर होती. जोधपूर मागे पडल्यावर खिडकीबाहेर झाडे विरळ होत गेली. थोरलीने विचारले, "आई, इथली माणसं कुठं आहेत?" खरोखरच मैलोगणती माणूस दिसत नव्हते.

शहर आहे तरी कसे?

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट, वाळूच्या टेकड्या आणि एखादे खजुराचे झाड येते. बिकानेर तसे नाही. हे भरवस्तीचे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साधारण साडेसहा लाख होती, म्हणजे आमच्या अमरावतीएवढीच. राव बिका यांनी १४८८ साली ते वसविले. जुन्या शहराला कोट आहे, आत लाल दगडाच्या कोरीव हवेल्या आणि दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरावे लागेल अशा गल्ल्या आहेत. बाहेर नव्या कॉलन्या, रेल्वेचा कारखाना, लष्कराची छावणी, मोठे सरकारी इस्पितळ, विद्यापीठ, लोकरीची मंडई. उंटावर संशोधन करणारे केंद्र सरकारचे केंद्र १९८४ पासून येथेच आहे. भुजिया आणि पापड यांचे नाव तर देशभर आहे. त्या पापडामागे शेकडो गरीब घरांतील बायांचे हात आहेत. त्या सकाळी पिठाचा गोळा घेऊन जातात, घरी लाटतात आणि वजनावर मजुरी घेतात. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बाया जशा, तशाच या.

असे मध्यम आकाराचे शहर नोकरदाराला एका दृष्टीने सोयीचे असते. कामाचे ठिकाण, शाळा, दवाखाना, बाजार सारे सायकलच्या टप्प्यात. लोकलची धक्काबुक्की नाही. पण मुंबईसारखे "कोणी कोणाला विचारीत नाही" असेही नाही. येथे प्रत्येक जण विचारतो. आणि पहिल्या आठवड्यातच आम्हाला त्या विचारण्याला तोंड द्यावे लागले.

खोली शोधताना

क्वार्टर रिकामे नव्हते, म्हणून भाड्याची खोली शोधावी लागली. महाराष्ट्रात आडनाव सांगितले की समोरच्याला बरेच काही कळते. राजस्थानात आमच्या आडनावावरून कोणाला काही कळेना, म्हणून ते सरळच विचारीत. पहिल्या घरमालकाने चहा पाजला, भाडे ठरविले, आगाऊ रक्कमही सांगितली आणि उठता उठता म्हणाला, "वैसे आप लोग कौन हुए?"

आम्ही म्हणालो, "बौद्ध."

"वो तो धर्म हुआ. जात?"

येथे प्रत्येक कुटुंबापुढे दोन वाटा असतात. काही मंडळी आडनावाचा आडोसा घेतात. "मराठी हैं" म्हणून वेळ मारून नेतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. भर उन्हात लेकरे घेऊन फिरणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर हवे असते. पण थोरली शेजारी उभी राहून ऐकत होती. आज आम्ही दडविले असते तर तिलाही शाळेत दडवावे लागले असते, मैत्रिणीकडे दडवावे लागले असते, भिंतीवरची तसबीर पाहुणे आले की पेटीत ठेवावी लागली असती. आम्ही जे आहे ते सांगितले. त्या गृहस्थांना अचानक आठवले की त्यांचे पाहुणे येणार आहेत आणि खोली लागणार आहे.

दुसऱ्या ठिकाणी "मांस-मच्छी चालणार नाही" असे सांगितले. ती अट पाळू म्हटले तरी पुढे बोलणे वाढले नाही. तिसऱ्या ठिकाणी खोली दाखविलीच नाही. आम्ही धर्मशाळेत आठ दिवस काढले. थोरलीने एका रात्री विचारले, "बाबा, आपण दुसरं काही सांगितलं असतं तर?" तिला आम्ही एवढेच म्हणालो, "मग ती खोली आपल्याला नाही, त्या दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती." ती गप्प झाली. तिला ते पटले की नाही, हे त्या रात्री कळले नाही.

चौथे घर एका निवृत्त मास्तरांचे. ते आपल्या समाजाचे नव्हेत. त्यांनाही आम्ही आपणहून सांगून टाकले, म्हणजे नंतर खटका नको. त्यांनी चष्मा पुसत विचारले, "घरात माणसे किती? पाणी किती लागेल?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "हौद भरला की झाकण लावत जा. बाकी तुमचे घर तुम्ही बघा." त्या घरात आम्ही आजही आहोत. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, चार घरांतून आम्हाला दोन प्रकारची माणसे भेटली. म्हणून "तिकडचे लोक असेच" असे कोणी म्हणाले तर आम्ही मान डोलवीत नाही.

पाण्याची किंमत

मास्तरांनी पहिल्याच भेटीत पाण्याचे का विचारले, हे आम्हाला हळूहळू कळले. बिकानेरला वर्षाचा पाऊस पंचवीस-तीस सेंटीमीटर पडतो. मुंबईत जुलै महिन्यात दोन दिवसांत कधी कधी तेवढा कोसळतो. जमिनीखालचे पाणी फार खोल आणि पुष्कळ ठिकाणी खारे. पूर्वी घराच्या गच्चीवर पडलेले पावसाचे पाणी अंगणातील कुंडात उतरवून वर्षभर पुरवीत. जुन्या घरांतून ती कुंडे अजून आहेत.

आज शहर जे पाणी पिते ते हिमालयातून येते. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरिके येथे बंधारा आहे. तेथून निघणारा कालवा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास धावत वाळवंटात जातो. त्याचे काम १९५८ साली सुरू झाले. पूर्वी तो राजस्थान कालवा होता. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर त्याला त्यांचे नाव दिले गेले. या कालव्याची कल्पना १९४८ साली मांडली ती बिकानेर संस्थानचे इंजिनियर कंवरसेन यांनी. बिकानेरकडे पाणी वर उचलून आणणाऱ्या शाखेला त्यांचेच नाव आहे. आपल्या वाचकांना यातील एक धागा मुद्दाम सांगावासा वाटतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, देशातील नद्यांचा एकत्र विचार करणारा केंद्रीय आयोग स्थापन झाला. तोच पुढे केंद्रीय जल व वीज आयोग झाला आणि हे कंवरसेन त्याचे अध्यक्ष झाले.

आणखी एक योगायोग. याच संस्थानात महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी आणणारा गंग कालवा सुरू केला तो २६ ऑक्टोबर १९२७ रोजी. त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे पाणी नव्हते म्हणून ते आणावे लागले. दुसरीकडे पाणी तुडुंब होते, पण माणसाला ते घेऊ देत नव्हते. शेजारच्या वस्तीतील मेघवाल समाजाचे एक वृद्ध बाबा सांगतात की त्यांच्या लहानपणी गावच्या कुंडावर त्यांची पाळी सर्वांच्या शेवटी येई आणि वरून कोणीतरी ओतेल तेवढेच घ्यावे लागे. म्हणजे पाणी आणणे आणि पाणी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाळवंटातही खरेच होते.

आता व्यवहाराचे. दरवर्षी साधारण मार्च ते मे या काळात कालव्याच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद करतात. त्याला येथे "नहरबंदी" म्हणतात. काही आठवडे शहरात एक दिवसाआड पाणी येते, टँकरचे भाव चढतात. म्हणून घर पाहताना खोल्या किती यापेक्षा हौद किती मोठा हे आधी पाहावे. भाजी धुतलेले पाणी झाडाला, कपड्यांचे शेवटचे पाणी मोरी-संडासाला, हे आमच्या घरात आता कोणी सांगावे लागत नाही. सुटीत अमरावतीला गेलो की धाकटा वाहता नळ दिसला की धावत जाऊन बंद करतो. आजी हसते आणि म्हणते, "हा कंजूस कुठून आणला?"

ऊन, आंधी आणि थंडी

विदर्भातील माणसाला उन्हाची भीती घालू नये. ४५ अंश आम्ही लहानपणापासून पाहिलेले. बिकानेरला पारा ४८ च्या घरात जातो, तरी पहिल्या मे महिन्यात आम्हाला वाटले की हे तर ओळखीचेच आहे. कूलरही येथे छान चालतो, कारण हवा कोरडी असते. घाम येतो, पण येताच वाळून जातो. धोका येथेच आहे. आपल्याकडे घामाने सदरा भिजला की माणूस पाणी पितो. येथे सदरा कोरडाच राहतो आणि शरीरातील पाणी कमी होत गेलेले कळतच नाही.

पहिल्याच जूनमध्ये धाकट्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, लघवी होईना, रडतानाही डोळ्यांत पाणी नव्हते. शेजारच्या काकींनी त्याची जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "अभी के अभी अस्पताल." सरकारी इस्पितळात रात्रभर सलाईन चालली. डॉक्टरीण बाईंनी सांगितले की आणखी चार तास गेले असते तर कठीण होते. ती रात्र आम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता काढली. एकट्याने यावे की बिऱ्हाड घेऊन, हा जुना वाद दोघांच्याही मनात पुन्हा उभा राहिला होता. पहाटे पोराने पाणी मागितले, तेव्हा कोठे श्वास आला.

म्हणून आयाबहिणींना सांगणे आहे की, जलसंजीवनीची पाकिटे घरात कायम ठेवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा विरघळवावा आणि घोट घोट पाजत राहावे. मीठ याहून जास्त घालू नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर घरगुती उपायांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये. पडावेच लागले तर डोके-कान पांढऱ्या कापडाने झाकावेत. येथील मजूर डोक्याला पागोटे गुंडाळतात ते काही हौसेसाठी नव्हे.

आंधीचे मात्र आम्हाला नवल होते. दुपारी आकाश पिवळे, मग तांबूस होते आणि पाहता पाहता धुळीची भिंत शहरावर चालून येते. दारे-खिडक्या लावल्या तरी भांड्यांवर, अंथरुणावर, पुस्तकांवर बारीक वाळूचा थर बसतो. भाकरीत कचकच लागते. पहिल्या वर्षी आम्ही दिवसातून तीनदा झाडीत होतो. आता आंधी गेल्यावर एकदाच झाडतो. दारांच्या फटीत जुन्या चादरींच्या पट्ट्या कोंबून ठेवतो.

आणि थंडी! वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवते. जानेवारीत रात्री पारा कधी कधी शून्याजवळ उतरतो. अमरावतीहून आणलेले दोन स्वेटर पहिल्याच आठवड्यात अपुरे पडले. पण हे लोकरीचे गाव आहे, रजया स्वस्त मिळतात. येथे येणाऱ्याने गरम कपड्यांचे ओझे तिकडून आणू नये, येथेच घ्यावेत.

भाकरी तीच, पीठ वेगळे

ज्वारी येथे सहज मिळत नाही. आजीने पाठविलेले पीठ संपले तेव्हा घरात सुतक पडल्यासारखे झाले. पण बाजरी भरपूर मिळते. बाजरीची भाकरी, ताकात शिजविलेली बाजरीची राब, मोठाची डाळ, काचरीची चटणी, केर-सांगरीची भाजी, असे येथील गरिबाचे जेवण आहे आणि ते आपल्या जिभेला परके वाटत नाही. केर म्हणजे काटेरी झुडपाची बारीक फळे, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. त्या वाळवून वर्षभर ठेवतात, जशी आपण वाळवणे ठेवतो.

ही खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी, कोणी तिला सौंदड म्हणतात. हे झाड पावसावाचून तग धरते, शेळ्या-उंटांना पाला देते, माणसाला शेंगा देते. १७३० साली जोधपूरजवळील खेजडली गावात हीच झाडे तोडायला राजाची माणसे आली तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारून प्राण दिला. तिच्यासह ३६३ माणसे मारली गेली असे सांगतात. सामान्य घरातील एका बाईचे नाव पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोक विसरलेले नाहीत.

मास्तरांकडे मांसाहाराची अट नाही, तरी सुकट भाजताना आम्ही दारे लावून घेतो. हे भीतीने नव्हे, शेजाऱ्याच्या नाकाचाही विचार करावा म्हणून. काकींना मात्र एकदा वास गेलाच. त्यांनी विचारले, "क्या जल गया?" आम्ही खरे ते सांगितले. त्या नाकाला पदर लावून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ताक घेऊन आल्या.

बोली आणि शाळा

हिंदी आम्हाला येत होती, पण गल्लीत मारवाडी चालते. आश्चर्य असे की मराठी माणसाला ती लवकर कळते. हिंदीत "पानी", मारवाडीत आपल्यासारखेच "पाणी". "ण" आणि "ळ" दोन्ही अक्षरे तिच्यात आहेत. "म्हारो", "थारो", "कठै" एवढे कानात बसले की अर्धे काम झाले. बोलताना नावाला "सा" लावतात. भाभीसा, काकीसा, बाईसा. धाकटा तर तीन महिन्यांत गल्लीतील टाबरांसारखा बोलू लागला. टाबर म्हणजे लेकरू. आता तो आजीलाही "आजीसा" म्हणतो.

थोरलीला शाळा मिळाली, हिंदी माध्यम जमले, पण मराठी सुटू लागली. लिपी एकच असल्याने वाचता येते, लिहिता येत नाही. म्हणून दर रविवारी तिने आजीला एक पत्र लिहायचे असा नियम केला. फोनवर रोज बोलणे होते तरी पत्र लिहायचेच. आजी ते शेजारच्या मुलाकडून वाचून घेते आणि मग वस्तीभर दाखविते.

बायांसाठी शहराच्या जुन्या भागात वागणूक जरा अवघड आहे. घुंघट पुष्कळ आहे. चौकाचौकात मोठे लाकडी पाटे मांडलेले असतात, त्यावर रात्री पुरुषांच्या गप्पा रंगतात; बाई तेथे बसलेली दिसत नाही. घरातील बाईने डोके न झाकता शिलाई मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली तेव्हा गल्लीत कुजबुज झाली. वर्षभराने त्याच गल्लीतील दोन सुना दुपारी शिकायला येऊ लागल्या.

आपली माणसे

राजस्थानच्या या भागात मेघवाल समाज मोठा आहे. आपण ज्या वाटेने आलो त्याच वाटेने तोही आला आहे. बिकानेरची लोकसभेची जागा २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी १४ एप्रिलला रस्त्याने मिरवणूक चालली होती. निळे झेंडे दिसले तशी थोरली पळतच सुटली. आम्ही मागोमाग गेलो. कोणाची ओळख ना देख. एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही "जय भीम" म्हटले. त्यांनी हात धरून विचारले, "कठै सूं आया?" महाराष्ट्रातून म्हणताच त्यांनी चारचौघांना हाक मारली. कुंडावरची हकीगत सांगणारे ते हेच बाबा.

आता महिन्यातून एकदा चार कुटुंबे एकत्र बसतो. दोन महाराष्ट्रातील, दोन येथील. वंदना होते, मुलांचा अभ्यास पाहिला जातो, कोणाची फी अडली असेल तर हातभार लागतो. जवळ विहार नाही, मोठे मंडळ नाही. चार सतरंज्या पुरतात.

येथील सणही मुलांचे झाले आहेत. आपल्याकडे पतंग संक्रांतीला, येथे भर वैशाखात आखा तीजेला, शहराच्या स्थापनेच्या निमित्ताने उडवितात. गच्च्या माणसांनी भरून जातात. त्या दिवशी खिचडा आणि चिंचेचे इमलाणी नावाचे सरबत करतात. काकी आमच्याकडे दोन्ही पाठवितात. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे आमची खीर जाते.

कागदपत्रांचे विसरू नये

शेवटी महत्त्वाचे. अनुसूचित जातीचा दर्जा राज्यानुसार ठरतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले हे खरे, पण आपण दुसऱ्या राज्यात गेलो म्हणजे त्या राज्याच्या नोकऱ्यांतील व शिक्षणातील राखीव जागा आपल्याला मिळत नाहीत. आपल्या जातीचे नाव तेथील यादीत असले तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ साली हे पुन्हा स्पष्ट केले. केंद्र सरकारच्या जागांसाठी मात्र मूळ राज्याचा दाखला देशभर चालतो. म्हणून गाव सोडण्यापूर्वी मुलांचे जातीचे दाखले उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून काढून घ्यावेत. आजोबा-पणजोबांचे जुने शाळा सोडल्याचे दाखले, १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे, अधिवासाचे कागद यांच्या दोन-दोन प्रती कराव्यात, एक प्रत गावी विश्वासू माणसाकडे ठेवावी. मुले दहावी-बारावी कोठे करतात याचा पुढील प्रवेशावर परिणाम होतो. मूल आठवीत गेले की त्या वर्षीचे नियम वाचून निर्णय घ्यावा. आम्हीही थोरलीबाबत तो विचार करीत आहोत. तिला महाराष्ट्रात मावशीकडे ठेवावे की येथेच शिकवावे, हे अजून ठरलेले नाही. तिचे म्हणणे, "मलाही विचारा." ते योग्यच आहे.

मजुरीसाठी जाणाऱ्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावे. अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकेवर आता देशात कोठेही धान्य घेता येते, २०२२ पासून सर्व राज्ये या सोयीत आली आहेत. कार्ड गावी ठेवून जाऊ नये. कुटुंबातील सर्वांचे आधार त्यास जोडलेले आहे ना, हेही पाहावे.

बिऱ्हाड घेऊन जावे की नाही, याचे एकच उत्तर नाही. घरात आजारी म्हातारे असतील, मूल बारावीत असेल, तर एकट्याने जाणेच बरे. पण नुसत्या भीतीने घर दोन जागी तोडू नये. पाणी कसे येते, दवाखाना किती दूर आहे, शाळा कोणती आहे, आपली म्हणावी अशी माणसे कोठे भेटतील, हे चार प्रश्न आधी विचारावेत, त्यांची उत्तरे मिळाली की मग निघावे. आणि कोणी जात विचारलीच तर काय सांगायचे, हे नवरा-बायकोने व मुलांनी गाडीत बसण्यापूर्वी एकत्र बसून ठरवून घ्यावे.

जम्मू, गुवाहाटी, कोची, आखाती देश, जेथे जेथे आपली कुटुंबे गेली असतील त्यांनीही आपले अनुभव लिहून कळवावेत. पुढच्या माणसाची पहिली रात्र त्यामुळे सोपी जाईल.